झील धरणाऱ्यांचे काय?

गेल्या भाद्रपदात सामरवरणीच्या आमच्या गणेशमंडपात एका सायंकाळी सव्वीस गाणी झाली. सव्वीस गाण्यांना सव्वीस गायक. प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी, त्याच्या पडद्यावर शब्द, आणि ध्वनिक्षेपकातून आधीच मुद्रित होऊन आलेला वाद्यमेळ. बाविसाव्या क्रमांकावर एक तरुण महाराष्ट्रगीत म्हणावयास उभा राहिला. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. आम्ही सावरून बसलो. मात्र ध्रुवपदाची उचल आली तेथे हा तरुण एकाएकी थांबला आणि ध्वनिवर्धक छातीशी धरून उभा राहिला. त्या जागी समूहाने गावयाचे असते आणि तो समूह यंत्रात होता. यंत्र गाऊ लागले. मंडपात दोनशेच्या आसपास माणसे होती. त्यातील निदान दीडशे जणांना ते ध्रुवपद झोपेतून उठवले तरी म्हणता आले असते. पैकी एकानेही तोंड उघडले नाही. न जाणो कोणत्या शहरातील कोणत्या खोलीत कोण्या अनोळखी लोकांनी गाऊन ठेवलेले ते ध्रुवपद हवेलीच्या मराठी माणसांनी मुकाट्याने ऐकून घेतले आणि शेवटी टाळ्या वाजवल्या.

या टाळ्या आमच्या मनातून जात नाहीत, म्हणून हा लेख.

तात्कालिक कारण आणखी एक आहे, तेही लपवून ठेवत नाही. आमच्या मंडळाचा गुरुवारचा समूहगानाचा वर्ग बंद करावा आणि त्यासाठी राखून ठेवलेल्या रकमेतून कराओकेचा नवा संच घ्यावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. वर्गाची पटसंख्या एकोणीसवरून पाचावर आली, हे त्यामागील कारण खरे आहे. आकड्यांशी आमचे भांडण नाही. छत्तीस वर्षे शासकीय सेवेत आकडेच जुळवले. आमचे भांडण सभेत एका सन्माननीय सदस्यांनी विचारलेल्या प्रश्नाशी आहे. ते म्हणाले, "मागे उभे राहून आ-ऊ करायला शिकवणी कशाला लागते?" सभागृह हसले. आम्हीही, सवयीने, थोडे हसलो. घरी आल्यावर त्या हसण्याची लाज वाटली.

ज्याला ते सदस्य 'आ-ऊ' म्हणाले, त्याला आपल्या भाषेत नाव आहे, झील. शाहीर पुढे डफ घेऊन उभा असतो. मागे तुणतुणेवाला, झांजवाला आणि झील धरणारे. शाहिराचा चौक संपत आला की शेवटचा शब्द हे झीलकरी वरच्यावर झेलतात, सुरात उंच नेतात आणि तेथे काही क्षण टांगून ठेवतात. ऐकणाऱ्याला वाटते की ही शोभा आहे. प्रत्यक्षात ती पोवाड्याची यंत्रणा आहे. पोवाडा रात्रभर चालायचा, आवाज उंच पट्टीत, ध्वनिवर्धक नाही. त्या अवधीत शाहीर श्वास घेतो, पुढच्या चौकाचा पहिला शब्द आठवतो, समोरच्या माणसांचा रंग पाहतो आणि कडवे वाढवायचे की आवरायचे ते ठरवतो. झीलकऱ्याने शब्द अर्धी मात्रा लवकर उचलला तर शाहिराचा शब्द कापला जातो. अर्धी मात्रा उशिरा उचलला तर मध्ये भगदाड पडते आणि वीररसाचा क्षणात हास्यरस होतो. शाहीर आज कोठे थांबणार हे झीलकऱ्याला शाहिराच्या पाठीकडे पाहून ओळखावे लागते. पाठीकडे पाहून माणूस ओळखण्याची ही विद्या शिकवणीवाचून येते, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा उभे राहून पाहावे.

हवेलीत राहणाऱ्या आपणा लोकांना या शब्दाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. शेजारच्या गुजराती घरी नवरात्रात एक बाई गरबा 'गवडावते' आणि बाकीच्या 'झीलतात'. गुजरातीत झीलवुं म्हणजे वरून पडणारी वस्तू हातात घेणे, आणि पुढच्याचे गाणे आपल्या गळ्यात घेणेही. हळपतींच्या घेरिया नाचात कवियो गातो आणि घोळका झीलतो. वारली लग्नात चौक लिहिला जात असताना धवलेरी गाते आणि तिच्या मागे बायांचा सूर असतो. तलासरी-जव्हारकडील नोकरीच्या काळात अशा लग्नांना आम्ही पाहुणे म्हणून बसलो आहोत. तेथे कोणी धवलेरीच्या जागी बसण्यासाठी धडपडताना दिसले नाही. म्हणजे मराठी, गुजराती, वारली या तिन्ही बाजूंनी ज्या भूमीत एकाने गावे आणि अनेकांनी झेलावे हीच गाण्याची रीत, तेथे आम्ही जुनी मराठी घराणी यंत्राकडून झील विकत घेणार आहोत.

आमच्यापैकी काही घराणी पेशवाईत या मुलखात आली. १७७९च्या तहानंतर हा प्रदेश पोर्तुगिजांकडे गेला तरी ती येथेच राहिली. काही घरे १९५४नंतर शाळामास्तर, तलाठी, कारकून म्हणून आली. जुने आणि नवे यांत आपण अजूनही कधी कधी पंक्तिभेद करतो, तो विषय निराळा. सर्वांच्या घरी मात्र एक गोष्ट समान सांगितली जाते: २२ जुलै १९५४ रोजी दादरा, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले, आणि सिल्वासाच्या त्या तुकडीत सुधीर फडके होते. लता मंगेशकरांनी या कामासाठी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम करून निधी उभा करून दिला. मुलांना हे सांगताना आपला ऊर भरून येतो. बाबूजी तेव्हा अप्रसिद्ध नव्हते, त्यांची गाणी घरोघर पोहोचली होती. तरी त्या पावसाळी रात्री ते राजाभाऊ वाकणकरांसारख्यांबरोबरच्या तुकडीत एक माणूस म्हणून आले होते. पुढे आठच महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. त्यातील छप्पन्न गीतांत सेतू बांधणाऱ्या वानरांचे गीत आहे, ते समूहाचे. ते एकट्याने म्हणता येते. आमच्या मंडळात दरवर्षी कोणी ना कोणी म्हणतेच. सेतू मात्र एकट्या वानराने बांधल्याचे आमच्या वाचनात नाही.

आता एका वहीविषयी.

आमच्या परिचयातील एका घरी मुक्तिसंग्रामावरील पोवाड्याची हस्तलिखित वही आहे. बांधणी सुटलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. दर २ ऑगस्टला हा पोवाडा त्या घरच्या अंगणात होत असे. लिहिणारे आणि गाणारे गृहस्थ कधीच निवर्तले. वही पाहून पोवाडा पुन्हा उभा करता येईल, असे आम्ही धरून चाललो होतो. वही उघडली तर प्रत्येक चौकाच्या अखेरीस दोन आडव्या रेघा आणि त्यांच्यामध्ये एकच अक्षर, 'झी'. म्हणजे झील. झील काय, कोणत्या स्वरांत, किती वेळ, याचा अक्षरमात्र उल्लेख नाही. लिहिणाऱ्याला गरज वाटली नसणार. मागे उभे राहणारे चौघे त्याच्या घरचेच होते. त्या चौघांपैकी आता एक हयात आहेत. वय ऐंशीच्या पुढे; जन्मभर गवंडीकाम केलेले, हाताची बोटे वाकलेली. आम्ही वही घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ती हातातही घेतली नाही. म्हणाले, "भाऊसाहेब, मला वाचता कुठे येतं? तुम्ही चौक म्हणा, मी उचलतो."

आम्ही चौक वाचला, गाता आला नाही म्हणून नुसता वाचला. शेवटच्या शब्दावर त्यांनी जी उचल घेतली तिने अंगणातील कोंबड्या उडाल्या. आवाज फाटलेला होता, पण स्वर जागेवर. त्यांनी आम्हांला एकवीस चौकांच्या एकवीस झिली म्हणून दाखवल्या. सर्व एकसारख्या आहेत असे आम्हांला आधी वाटले. दुसऱ्यांदा ऐकताना कळले की लढाईच्या चौकांत झील वरच्या षड्जावर थांबते आणि ज्या चौकात एका आईचे वर्णन आहे तेथे ती पंचमावरच थबकते, वर जात नाही. हे त्यांना कोणी शिकवले, असे विचारले. म्हणाले, "शाहिराला दम घ्यायला जागा करून द्यायची, एवढंच आपलं काम. पण ती जागा मोकळी दिसता कामा नये. आईच्या चौकाला ओरडून कसं चालंल?"

हा प्रकार आमच्या गुरुवारच्या वर्गात, उरलेल्या पाच जणांकडून, गळ्यावर चढवला जात आहे. एकवीसपैकी नऊ झिली बसल्या आहेत. आम्ही त्यांचे ध्वनिमुद्रण करून ठेवले आहे, हे खरे; कोणी म्हणेल की मग काम संपले. ध्वनिमुद्रणातून झील शिकता येते, पण ती कधी उचलावी हे त्यातून कळत नाही, कारण ध्वनिमुद्रणात शाहिराची पाठ दिसत नाही. वर्ग बंद करण्याच्या सूचनेवर ज्यांनी हात वर केले त्यांना हे माहीत नव्हते, एवढे त्यांच्या बाजूने आम्ही मान्य करतो. आता माहीत झाले आहे.

मागे उभे राहणे हे कमी प्रतीचे, अशी जी समजूत आपल्या सुशिक्षित घरांत रुजली आहे ती कोठून आली याचा आम्ही पुष्कळ विचार केला. ती आपल्या परंपरेतून तर निश्चित आलेली नाही. तुकोबांनी आत्मचरित्रपर अभंगात स्वतःच सांगून ठेवले आहे की आरंभी एकादशीस कीर्तनाला उभे राहिलो तेव्हा अभ्यास नव्हता. म्हणून संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांचे ध्रुपद मागून धरले. महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या कवीची गाण्याची पहिली पायरी म्हणजे दुसऱ्याच्या मागे उभे राहून ध्रुपद धरणे. पुढे त्यांच्याही मागे चौदा टाळकरी उभे राहिले, अशी परंपरा सांगते. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली तेव्हापासून तेथे मुले ग्रंथांबरोबर टाळ, चाली आणि मागे उभे राहण्याची शिस्त शिकत आली. जी गोष्ट शिकण्यासाठी वारकऱ्यांची मुले आळंदीस जाऊन वर्षे घालवतात ती सामरवरणीत मात्र उपजत येते म्हणावयाची!

शास्त्रीय संगीतातही तेच. किशोरी आमोणकर मातोश्रींच्या, म्हणजे मोगूबाई कुर्डीकरांच्या, मागे तंबोऱ्यावर बसत. कुमार गंधर्वांच्या मैफलीत वसुंधरा कोमकली साथीला गात. गुरूची तान संपताना स्वर धरून ठेवायचा, गुरू जेथे जाणार आहे तेथे आधी जायचे नाही, आणि गुरू थकला तर कोणाला कळू द्यायचे नाही. ज्यांनी ही साथ नीट केली त्यांना पुढे बसल्यावर काय करायचे हे वेगळे सांगावे लागले नाही.

दुसरा आक्षेप अधिक विद्वान आहे. झील ठीक, ती आपली. पण वर्गात हल्ली दोन आवाज निरनिराळ्या स्वरांत गातात, ती हार्मनी म्हणे पाश्चात्त्य आहे, चर्चमधली आहे, तिचे आपल्याला काय? या आक्षेपकांना आम्ही एकच विनंती करतो. उत्तम जुळलेला तंबोरा पाच मिनिटे शांतपणे ऐकावा. तारा पंचमाच्या आणि षड्जाच्या. गांधाराची तार नाही. तरी तंबोरा खरा लागला की त्यातून गांधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात आणि तो ऐकू आल्यावाचून तंबोरा लागला असे मानत नाहीत. षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण दोनास तीन. षड्ज आणि गांधार यांचे चारास पाच. एक माणूस षड्ज धरून उभा आहे आणि दुसरा गांधारावर आला, तर तंबोरा जे करतो तेच ती दोघे करीत असतात. मग यात परदेशी ते काय? परदेशी असेलच तर आपली पेटी आहे, जिचा गांधार स्वयंभू गांधारापेक्षा थोडा चढाच असतो आणि जिच्यावर कोणाचा आक्षेप नाही.

आणि चर्चमधले असेल तर तेही घेण्यास आम्हांला संकोच नाही. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या पॅरिश शाळांतून मुलांना स्वरलेखन, व्हायोलिन आणि सामूहिक गायन शिकवले गेले. त्यातून मांडो आला, जो आजही दोन आवाजांत गातात. दोन्ही आवाज बरोबरीने चालतात, एक वर, एक खाली, मध्ये तीन स्वरांचे अंतर राखून. त्याच शाळांत शिकलेले गोमंतकीय वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्यांनी हिंदी गाण्यांचा वाद्यमेळ रचला, आणि ज्या गाण्यांवर आमचे आक्षेपक तरुणपणी भाळले त्यांच्यामागे ही चर्चची हार्मनीच होती. सलील चौधरींनी तर मुंबईत तरुणांचे गायकवृंद उभे केले. सिल्वासाचे पोर्तुगीजकालीन चर्च आपल्या रोजच्या रस्त्यावर आहे. नाताळाच्या सुमारास त्याच्या बाहेर उभे राहून आम्ही कैकदा ऐकले आहे. आत जाण्याचे मात्र साठी उलटेपर्यंत सुचले नाही.

येथे एक कबुली. आम्ही स्वतः गाणारे नव्हे. शाळेत असताना गुरुजींनी आम्हांला समूहगीतात मागच्या रांगेत उभे केले म्हणून आम्ही रुसून बाहेर पडलो आणि पुढे पन्नास वर्षे 'आम्हांला गाता येत नाही' असे लोकांना सांगत राहिलो. खरे कारण रांग होते. निवृत्तीनंतर समूहगानाच्या वर्गात पहिल्यांदा गेलो ते मंडळाचे कोषाध्यक्ष म्हणून, हजेरीपट तपासावयास. शिकवणाऱ्या बाई मूळच्या गोव्याच्या, सिल्वासात शिक्षिका म्हणून आयुष्य घालवलेल्या. त्यांनी हजेरीपट दिला आणि म्हणाल्या, "आलाच आहात तर उभे राहा. एक माणूस कमी आहे."

पहिला पाठ एवढाच: आम्ही षड्ज धरावयाचा आणि बाई गांधार म्हणणार. तीन श्वासांनंतर आम्ही बाईंच्या गांधारावर जाऊन बसलो होतो, आणि आपण हललो हे आम्हांला कळलेदेखील नाही. पुन्हा. पुन्हा तेच. दुसऱ्याचा स्वर माणसाला पाण्याच्या ओढीसारखा खेचतो. दमणगंगेत पावसाळ्यात पाय टिकवणे आणि हे सारखेच. दोन आठवडे आम्ही केवळ षड्ज म्हणत होतो. कानावर हात ठेवून म्हणालो तर जमे. बाई हात काढावयास लावीत, कारण दुसऱ्याला न ऐकता स्वर टिकवण्याला काही किंमत नाही. ऐकायचे, पूर्ण ऐकायचे आणि तरी जागा सोडायची नाही. शासकीय सेवेत ही कला आम्हांला आली असती तर काही बदल्या टळल्या असत्या, अशी शंका येते.

मग गांधार. मग बिलावलाच्या सात स्वरांवर दुसरा आवाज. पहिला 'सा' म्हणतो तेव्हा दुसऱ्याने 'ग', पहिला 'रे' म्हणतो तेव्हा 'म', पुढे ग आणि प, म आणि ध. वाटते की एकाच अंतराने मागे चालावयाचे आहे. तसे नाही. सा ते ग हे चार अर्धस्वरांचे अंतर. रे ते म तीनच. ग ते प पुन्हा तीन. म ते ध चार. पायऱ्या लहानमोठ्या आहेत आणि डोळे मिटून चढावयाच्या आहेत. भूपासारखी चाल घेतली तर मध्यम आणि निषाद मुळी नाहीतच. पहिला 'रे'वर आला की दुसऱ्याला थेट पंचमावर उडी मारावी लागते, आणि ती उडी ऐकणाऱ्याला उडी वाटता कामा नये. कोठे दुसरा स्वर लावावा आणि कोठे मुळीच लावू नये, हेही शिकावे लागते. मारव्यात किंवा तोडीत असले उद्योग करू नयेत. तेथे तंबोऱ्याची साथ पुरेशी आहे आणि आणखी एक आवाज म्हणजे अपराध. बाईंनी आम्हांला एका अभंगात दुसरा आवाज लावण्यास साफ नकार दिला होता. म्हणाल्या, "इथे सगळ्यांनी एकाच सुरात. इथे वेगळं व्हायचं नाही."

श्वासाचे गणित वेगळेच. सहा जण एक लांब स्वर धरतात तेव्हा सहाही जणांनी एका वेळी श्वास घेतला तर गाणे तुटते. शेजारचा घेतो आहे हे ओळखून आपण थांबायचे, मग आपण घ्यायचा. शब्दाच्या शेवटचा 'त' किंवा 'स' सर्वांचा एका क्षणी पडला पाहिजे, नाहीतर पत्र्यावर गारा पडल्यासारखे ऐकू येते. आमचा 'स' वर्षभर एकटाच मागाहून येत असे. चौदाव्या महिन्यात एका गुरुवारी गाताना आम्हांला वाटले की आपला आवाज बंद झाला, कारण तो ऐकूच येईना. घसा तर चालू होता. घाबरून बाईंकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. आमचा आवाज शेजाऱ्याच्या आवाजात मिसळला होता, एवढेच झाले होते. बासष्टाव्या वर्षी हे घडले.

हे सारे 'आ-ऊ' आहे.

कराओकेच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. लाजाळू मुलाला त्याने धीर येतो. आमच्या आळीतील एक सत्तर वर्षांच्या वहिनी, ज्यांना माहेरी वा सासरी कोणी गाऊ दिले नाही, त्या यंत्राच्या साथीवर दर संक्रांतीला एक जुने भावगीत म्हणतात आणि त्या वेळी त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो. त्यांच्या हातून ध्वनिवर्धक काढून घ्यावा असे म्हणणारा करंटा आम्ही नव्हे. पहिला ध्वनिक्षेपक घेतला त्या देयकावर कोषाध्यक्ष म्हणून सही आमचीच आहे, हेही येथे नोंदवून ठेवतो. आमचे म्हणणे इतकेच की यंत्र माणसाशी जुळवून घेत नाही. वहिनी एका कडव्यानंतर खोकल्या तर यंत्र पुढे निघून जाते. मागे चार माणसे असती तर त्यांनी ध्रुवपद आणखी एकदा घोळवले असते, वहिनींनी पाण्याचा घोट घेतला असता आणि मंडपाला पत्ताही लागला नसता. गेल्या संक्रांतीला नेमके असेच झाले. वहिनी खोकल्या, यंत्र चालत राहिले, त्यांना पुढचे कडवे पकडता आले नाही आणि त्या खाली उतरल्या. यंदा नाव देणार का, असे विचारले तर म्हणाल्या, "नको भावजी, माझ्यामुळे कार्यक्रम अडतो."

कार्यक्रमपत्रिकेविषयीही बोलले पाहिजे. आपल्या पत्रिकेवर मुख्य गायकाचे नाव ठळक, मग तबला, पेटी, निवेदन, ध्वनिव्यवस्था, मंडपव्यवस्था, अल्पोपाहार. आणि मागे गाणारे 'व सहकारी' या दोन शब्दांत. बटाटेवडे कोणी तळले हे वाचकाला कळते, झील कोणी धरली हे कळत नाही. ही खोड आपली एकट्याची नाही. चित्रपटांच्या तबकड्यांवर वर्षानुवर्षे 'आणि कोरस' एवढेच छापले गेले. महाराष्ट्रगीताचे कवी राजा बढे, संगीतकार श्रीनिवास खळे, गायक शाहीर साबळे, ही नावे मुलांना पाठ आहेत आणि असलीच पाहिजेत. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते महाराष्ट्राचे राज्यगीत झाले. पण ज्या गर्जनेने त्या गाण्याला राज्याचे गाणे केले ती मागून आलेली आहे, आणि ती करणाऱ्यांची नावे सांगा म्हटले तर आम्हीही निरुत्तर. कचेरीत टिपणी लिहिणारा कारकून आणि सही करणारा अधिकारी यांतही असेच असते. आम्ही दोन्ही बाजूंना होतो, म्हणून बोलतो. आमच्या सहीने निघालेल्या कितीतरी आदेशांची भाषा आमची नव्हती.

पटसंख्या का घटली, याचा विचार कार्यकारिणीने केलेला नाही. आमच्या मते कारण साधे आहे. वर्षभर मागे उभे राहून शिकलेल्या मुलीचे नाव पत्रिकेवर नाही, आणि आदल्या रात्री भ्रमणध्वनीवर गाणे उतरवून घेतलेल्याचे आहे. पालक हे वाचतात. एका पालकांनी आम्हांला स्पष्टच विचारले, "साहेब, हिला पुढे कधी उभी करणार?" आम्ही म्हणालो, ती दुसऱ्या आवाजात आहे, तिच्यावाचून गाणे उभे राहत नाही. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या गुरुवारपासून मुलगी आली नाही. त्या गृहस्थांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. वयाच्या दहाव्या वर्षी आम्हीही हेच केले होते, आणि तेही कोणी न सांगता.

तेव्हा येत्या वार्षिक सभेत आम्ही पुढील सूचना मांडणार आहोत. गुरुवारचा वर्ग चालू ठेवावा, पाच असोत वा तीन. पत्रिकेवरील 'व सहकारी' हे शब्द काढून प्रत्येक गाणाऱ्याचे नाव मुख्य गायकाच्याच टंकात छापावे. छपाईचा जो काही जादा खर्च येईल तो पहिल्या वर्षी आम्ही देऊ. कराओकेचा संच हवा असेल तर घ्यावा, मात्र महाराष्ट्रगीत आणि आरत्या यांना तो लावू नये. आणि येत्या २ ऑगस्टला वहीतील पोवाडा, जितके चौक बसले असतील तितके, त्याच अंगणात व्हावा. शाहिराची जागा घ्यावयास तिघे जण तयार आहेत, त्यांत एक मुलगीही आहे. झीलकरी पाच आहेत, आम्हांला धरून सहा. गवंडीबाबा खुर्चीवर बसून उचल देतील म्हणाले आहेत, मात्र रात्री नऊच्या आत उरकावे अशी त्यांची अट आहे. त्यांना डोळ्यांत औषध घालावयाचे असते.

सूचनेला अनुमोदक हवा आहे. त्याला गाता आले पाहिजे असे नाही. वर्ग गुरुवारी सायंकाळी साडेसहाला भरतो.